पासबुकात शिक्का, खात्यात खडखडाट

वाचकाचे पत्र (थोडक्यात): मी मराठवाड्यातल्या एका शाखा डाकघरात सहायक शाखा डाकपाल, म्हणजे एबीपीएम आहे. आमचे पोस्टमास्तर आरडी (दरमहा हप्त्याची ठेव) आणि सुकन्या समृद्धीचे हप्ते घेतात, पासबुकात हाताने नोंद करून शिक्का मारतात, पण यंत्रात एंट्री करत नाहीत. विचारलं तर 'रेंज नाही, संध्याकाळी टाकतो' म्हणतात. निम्म्या गावाची पासबुकं त्यांच्याच घरी असतात. ग्रामीण डाक विम्याच्या हप्त्यांचंही तेच. माझ्या मावशीची आरडी दोन महिन्यांत संपते. तिने सब ऑफिसात, म्हणजे शाखेच्या वरच्या डाकघरात, विचारलं तर खातं कधीच बंद पडलंय म्हणाले. पोस्टमास्तर माझ्या लॉगिनवरून टपालही 'वाटप झाले' असं दाखवतात. इन्स्पेक्टर साहेबांचं आणि त्यांचं चांगलं जमतं. तक्रार केली तर माझीच नोकरी जाईल का? नाव गुप्त राहील का? लोकांचे पैसे बुडाले का? आणि गावाला हे आत्ताच सांगू का?

उत्तर:

आधी पैशांचं, कारण गावासाठी तोच प्रश्न मोठा आहे. खातेदाराने पोस्टाच्या कर्मचाऱ्याकडे, पोस्टाच्या कामकाजात, पोस्टाच्या खात्यासाठी पैसे दिले असतील आणि तसा पुरावा असेल, तर ते पैसे पोस्टमास्तरने खाल्ले म्हणून डाक विभागाला हात वर करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२मध्ये 'प्रदीप कुमार विरुद्ध पोस्टमास्टर जनरल' या निकालात हे स्पष्ट केलं आहे. किसान विकास पत्रांची रक्कम परस्पर लाटली गेल्याचं ते प्रकरण होतं. कर्मचाऱ्याने कामाच्या ओघात केलेल्या फसवणुकीची जबाबदारी बँकेवर येते तशी पोस्टावरही येते, आणि पोस्टाने ती रक्कम नंतर त्या कर्मचाऱ्याकडून वसूल करावी, असं न्यायालय म्हणालं. तेव्हा पैसे बुडाले असं समजू नका. मात्र ते आपोआपही परत येत नाहीत. खातेदाराला दावा करावा लागतो, आणि दावा उभा राहतो पासबुकावर. म्हणून ती पासबुकं पोस्टमास्तरच्या घरातून खातेदारांच्या हातात येणं, ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत तातडीची गोष्ट आहे.

आता संशयाबद्दल. रेंज नसते हे खरंच आहे, आणि दर उशिरामागे अफरातफर असते असंही नाही. फरक ओळखायचा कसा? व्यवहार यंत्रात झाला की त्याला एक क्रमांक मिळतो, आणि खात्याला खातेदाराचा मोबाईल जोडलेला असेल तर संदेश जातो. नेटवर्कमुळे अडकलेली नोंद एक-दोन दिवसांत पुढे सरकते. ती तीन-तीन आठवडे रखडत असेल, रोख रकमेच्याच बाबतीत रखडत असेल आणि नेमकी निरक्षर, म्हाताऱ्या किंवा गावाबाहेर राहणाऱ्या खातेदारांचीच रखडत असेल, तर रेंजला दोष देऊ नका. अशा प्रकरणांत बहुधा याची टोपी त्याच्या डोक्यावर चाललेली असते. मार्च महिन्यात एकीचा खाल्लेला हप्ता एप्रिलमध्ये दुसरीच्या पैशातून भरायचा, आणि दुसरीचा मे महिन्यात तिसरीच्या. महिनाअखेरीला अचानक नोंदी होताना दिसतात त्या यामुळेच. हा खेळ वर्षानुवर्षं चालू शकतो. तो उघडा पडतो मुदत संपण्याच्या वेळी, कारण तेव्हा पूर्ण रक्कम एकदम द्यावी लागते.

तुमच्या मावशीचं खातं हा म्हणूनच सर्वांत भक्कम धागा आहे. आरडी पाच वर्षांची, म्हणजे ६० हप्त्यांची. हप्ता चुकला तर दर १०० रुपयांमागे महिन्याला १ रुपया दंड लागतो, आणि चार हप्ते चुकले की खातं खंडित होतं. त्यानंतर दोन महिन्यांत ते पुन्हा सुरू करून घेतलं नाही, तर त्यात पुढचा हप्ता भरताच येत नाही. आता मावशीचं पासबुक उघडा. सब ऑफिस म्हणतंय खातं अमुक महिन्यात खंडित झालं, आणि पासबुकात त्यानंतरच्या तारखांचे हप्ते शिक्क्यासह आहेत. म्हणजे जी रक्कम प्रणाली स्वीकारूच शकत नव्हती ती पासबुकात मात्र जमा दिसते. या विसंगतीला रेंजचं कारण लागू होत नाही. मावशीने सब ऑफिसात लेखी अर्ज देऊन खात्याचं पूर्ण विवरण मागावं, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, आणि पासबुकाच्या प्रत्येक पानाचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये ठेवावा. ती स्वतः खातेदार आहे, तिला विवरण मागण्याचा पूर्ण हक्क आहे. जाताना खात्याला कुठला मोबाईल क्रमांक जोडला आहे तेही विचारायचं. पोस्टमास्तरने स्वतःचा किंवा घरातल्याचा क्रमांक टाकून ठेवणं ही जुनी युक्ती आहे. त्यामुळे संदेश जातात, पण खातेदाराला नाही.

तुम्ही स्वतः मात्र यातलं काही तिच्या वतीने करू नका. इतर खातेदारांच्या पासबुकांचे फोटो काढणं, पोस्टमास्तरच्या लॉगिनने खाती उघडून बघणं, बीओचा (शाखा डाकघराचा) जर्नल किंवा डेली अकाउंट घरी नेणं, हे सगळं टाळा. हेतू कितीही चांगला असो, चौकशीत तोच तुमच्याविरुद्धचा मुद्दा होतो आणि मूळ विषय बाजूला पडतो. तुमच्याकडे हवी फक्त एक वही. त्यात तारीख, वेळ, कोणी किती रक्कम दिली, कशासाठी दिली, खात्याचे शेवटचे चार अंक माहीत असतील तर ते, पावती दिली की नाही आणि तुम्ही तिथे कुठे उभे होतात, एवढंच लिहा. जे डोळ्यांनी पाहिलं ते एका रकान्यात, जे ऐकलं ते वेगळ्या रकान्यात. 'पोस्टमास्तर नवीन गाडी घेऊन फिरतात' हे वहीत नको.

आणि लॉगिन. हे तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय, पण तुमच्यापुरता सर्वांत धोक्याचा भाग हाच आहे. तुमच्या आयडीवरून 'वाटप झाले' अशी नोंद पडली की कागदोपत्री ते टपाल तुम्ही वाटलेलं असतं. उद्या एखाद्याचं एटीएम कार्ड किंवा कोर्टाची नोटीस टेबलाच्या खणात सापडली, तर पहिला जबाब तुमचा होईल. पासवर्ड आजच बदला, आणि बदलल्याचं पोस्टमास्तरला तोंडी न सांगता एका ओळीच्या अर्जाने कळवा: 'माझ्या युजर आयडीवरून यापुढे मीच नोंदी करीन.' अर्जाची प्रत जपून ठेवा. न वाटलेलं टपाल खणात दिसलं तर ते उचलून गुपचूप वाटून टाकण्याचा मोह होईल. तसं करू नका. पाकिटांचे क्रमांक आणि तारखा लिहून ठेवा, ती जागची हलवू नका, आणि तक्रारीत त्यांचा वेगळा परिच्छेद करा. पोस्टाचा १८९८चा कायदा जाऊन १८ जून २०२४पासून डाकघर अधिनियम, २०२३ लागू झाला आहे. टपाल उशिरा मिळालं किंवा हरवलं म्हणून कर्मचारी व्यक्तिशः जबाबदार धरला जात नाही, ही त्यातली सवलत लबाडीने किंवा जाणूनबुजून केलेल्या कृत्याला मिळत नाही.

आता नोकरीचं. तुम्ही विचारलंय, तक्रार केली तर नोकरी जाईल का. आम्ही उलट विचारू, केली नाही तर काय होईल? डाक खात्यात अफरातफरीची चौकशी लागली की मुख्य दोषी कोण एवढ्यावर ती थांबत नाही. कुणाच्या डोळेझाकीमुळे हे शक्य झालं तेही शोधलं जातं. पोस्टातली माणसं त्याला 'सब्सिडियरी ऑफेंडर' म्हणतात, आणि तुमच्या विभागात एखाद्या तरी जुन्या माणसाने अशी रिकव्हरी भरलेली असेल. मुख्य दोषीकडून पूर्ण वसुली झाली नाही की उरलेल्या रकमेसाठी याच मंडळींकडे बघितलं जातं. अकाउंट ऑफिसचा (शाखेचा हिशेब जिथे जातो त्या डाकघराचा) पीए म्हणजे पोस्टल असिस्टंट, तपासणी नीट न करणारा ओव्हरसियर, कधी खुद्द इन्स्पेक्टर, आणि त्याच खोलीत बसणारा एबीपीएम. 'मला माहीत नव्हतं' हे दोन माणसांच्या ऑफिसात कोणी मानत नाही. लेखी कळवल्याची तारीख हेच तुमचं संरक्षण, आणि ती तारीख प्रकरण बाहेर फुटण्याच्या आधीची असली पाहिजे. मावशी सब ऑफिसात जाऊन आली आहे, म्हणजे बातमी फिरायला सुरुवात झालीच आहे. महिनाभर विचार करण्याइतका वेळ तुमच्याकडे नाही.

कुणाकडे लिहायचं? नेहमीचा मार्ग उपविभागाच्या डाक निरीक्षकाकडून जातो. पण त्यांच्याबद्दल तुम्हाला शंका आहे, तेव्हा थेट विभागाच्या डाकघर अधीक्षकांना लिहा. अधीक्षक हे शाखा डाकघरांवर कारवाईचे आदेश देऊ शकणारे अधिकारी आहेत, त्यामुळे हा अर्ज वरिष्ठांना डावलून केलेला ठरत नाही. निरीक्षकांवर मात्र पुरावा असल्याशिवाय एक अक्षरही आरोप करू नका. 'चांगलं जमतं' हा आरोप नव्हे. त्याऐवजी एवढीच विनंती करा की पडताळणी दुसऱ्या उपविभागाच्या अधिकाऱ्याकडून व्हावी. कार्यालयाला यातला अर्थ बरोबर कळतो.

अर्ज एका पानाचा असावा. मजकूर साधारण असा:

'प्रति, मा. डाकघर अधीक्षक, अमुक विभाग. विषय: अमुक शाखा डाकघरातील (अकाउंट ऑफिस अमुक) आरडी व सुकन्या खात्यांत स्वीकारलेल्या रकमांबाबत. महोदय, मी वरील शाखेत एबीपीएम म्हणून काम करतो. दि. अमुक रोजी खातेदार श्रीमती अमुक यांनी आरडी खात्यासाठी (शेवटचे अंक अमुक) रोख ५०० रुपये दिले. ही रक्कम शाखा डाकपालांनी माझ्यासमोर स्वीकारली, पासबुकात नोंद केली व शिक्का मारला. यंत्रावर नोंद केल्याचे मला दिसले नाही. खातेदाराने अकाउंट ऑफिसातून घेतलेल्या विवरणात ही रक्कम नाही. अशाच प्रकारच्या आणखी सहा व्यवहारांचा तक्ता सोबत जोडला आहे. खातेदारांची पासबुके कार्यालयाबाहेर ठेवली जात असल्याचेही निदर्शनास आणतो. तरी या शाखेची रोकड व सर्व पासबुके यांची पूर्वसूचना न देता पडताळणी व्हावी, व ती अन्य उपविभागाच्या अधिकाऱ्यामार्फत व्हावी, ही विनंती.'

सहा हा आकडा उदाहरणादाखल आहे. तुमच्या वहीत तीन व्यवहार असतील तर तीनच लिहा. 'लाखोंचा घोटाळा' हा शब्दप्रयोग बाहेर ठेवा, कारण किती लाख ते तुम्हाला माहीत नाही, आणि अधीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील. 'पूर्वसूचना न देता' हे शब्द मात्र विसरू नका. उद्या तपासणी आहे हे आदल्या संध्याकाळी कळलं की रोकड उसनी आणून भरली जाते आणि पासबुकं 'हरवतात'.

हे पाकीट तुमच्या शाखेतून पाठवू नका. सांगण्याची गरज नाही असं वाटेल, पण बीओची बॅग बंद करणारा माणूस पोस्टमास्तरच आहे, आणि विभागीय कार्यालयाच्या पत्त्याचं पाकीट त्याच्या नजरेतून सुटत नाही. तुमच्या अकाउंट ऑफिसातूनही नको. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन स्पीड पोस्ट करा, पावती जपा, आणि पोहोचल्याची नोंद ऑनलाइन पाहून त्या पानाची प्रत काढा. स्वतः विभागीय कार्यालयात जाऊन आवक शिक्का घेतलात तर अधिक चांगलं, पण तिथल्या बाबूंशी विषयाची चर्चा नको. पंधरा दिवसांत काही हालचाल दिसली नाही तर त्याच अर्जाची प्रत जोडून एक स्मरणपत्र, आणि त्यानंतर छत्रपती संभाजीनगर इथल्या पोस्टमास्टर जनरलच्या कार्यालयाकडे. त्याच्या वर मुंबईत महाराष्ट्र परिमंडळाचे मुख्य पोस्टमास्टर जनरल आहेत, आणि त्यांच्या कार्यालयात दक्षता शाखा आहे.

नाव गुप्त ठेवण्याबद्दल. निनावी पत्र पाठवू नका. निनावी आणि खोट्या नावाच्या तक्रारींवर कारवाई करायची नाही हे केंद्र सरकारचं आणि दक्षता आयोगाचं जाहीर धोरण आहे. असं पत्र बहुधा दप्तरी दाखल होतं आणि संशय तरीही तुमच्यावरच येतो, म्हणजे दोन्हीकडून तोटा. नाव देऊन ते गुप्त ठेवण्याचा एक मार्ग आहे, केंद्र सरकारचा २००४चा पीआयडीपीआय ठराव, म्हणजे जनहितासाठी माहिती देणाऱ्यांच्या संरक्षणाचा ठराव. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंता सत्येंद्र दुबे यांनी आपलं नाव गुप्त ठेवण्याची विनंती करून तक्रार केली होती. नोव्हेंबर २००३मध्ये त्यांची गयेत हत्या झाली, आणि त्यावरच्या संतापातून हा ठराव आला. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४मध्ये संमत झाला, पण तो अंमलात आलेला नाही, म्हणून आजही हाच ठराव कामाला येतो.

त्याची रीत काटेकोर आहे. तक्रार कागदावर, बंद पाकिटात, टपालाने. ईमेलने किंवा आयोगाच्या पोर्टलवर केलेली तक्रार यात धरली जात नाही. पाकिटावर ठळक अक्षरात 'PIDPI' असं इंग्रजीत लिहायचं, आणि पत्ता: सचिव, केंद्रीय दक्षता आयोग, सतर्कता भवन, जीपीओ कॉम्प्लेक्स, आयएनए, नवी दिल्ली ११००२३. पाकिटावर स्वतःचं नाव-पत्ता घालायचा नाही, तो आतल्या पत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी. काउंटरवर 'प्रेषकाचं नाव टाका' म्हणून अडवलं, तर अशा पाकिटांसाठी नावाचा आग्रह धरू नये अशा सूचना डाक विभागानेच दिल्या आहेत हे सांगा. तुम्ही स्वतः पोस्टात आहात, तुम्हाला वाद घालणं सोपं जाईल. काही दिवसांनी आयोगाकडून पत्र येतं: ही तक्रार तुम्हीच केली का, आणि हीच तक्रार आणखी कुणाकडे केली आहे का? त्याला उत्तर दिलं नाही तर प्रकरण पुढे जात नाही. हे पत्र कुठे येणार याचा विचार आधी करा. तुमच्या गावात टपाल येतं ते पोस्टमास्तरच्या हातातून. विश्वासातल्या नातेवाईकाचा शहरातला पत्ता द्या.

दोन अडचणी मोकळेपणाने सांगतो. पहिली, हीच तक्रार तुम्ही आधी नाव घालून अधीक्षकांकडे किंवा पोर्टलवर केलेली असेल, तर नंतर पीआयडीपीआयचा उपयोग राहत नाही. नाव एकदा बाहेर पडलं की ते गुप्त ठेवणार कसं? म्हणून मार्ग आधी ठरवायचा. दुसरी, दोन माणसांच्या ऑफिसात कोण बोललं हे ओळखायला पोस्टमास्तरला आयोगाची गरज नाही. कागदावर नाव गुप्त राहील, गावात राहणार नाही. शिवाय पाकीट दिल्लीला जाऊन, डाक विभागाच्या मुख्य दक्षता अधिकाऱ्याकडून फिरून परत परिमंडळात येईपर्यंत महिने जातात, आणि तेवढे हप्ते आणखी खाल्ले जातात. आमचं मत विचाराल तर तुमच्या प्रकरणात अधीक्षकांना नावानिशी अर्ज हाच योग्य मार्ग आहे. वरचे अधिकारीच सामील आहेत असा ठोस पुरावा असता, तर आम्ही दिल्लीचं पाकीट सुचवलं असतं.

मावशीने मात्र स्वतंत्रपणे तक्रार करावी, आणि तिच्या तक्रारीत तुमचं नाव येण्याचं कारणच नाही. सब ऑफिसात लेखी, आणि सोबत केंद्राच्या सीपीग्राम्स या तक्रार निवारण पोर्टलवर. तिथे निवारणाची मुदत २०२४पासून २१ दिवसांची आहे, आणि उत्तर पटलं नाही तर अपील करता येतं. पोर्टलवरची तक्रार फिरून बहुतेक वेळा त्याच विभागात येते, त्यामुळे फार आशा ठेवू नका, पण तिचा नोंदणी क्रमांक पुढे ग्राहक आयोगात कामाला येतो. पोस्टाचा टोल फ्री क्रमांक १८०० २६६ ६८६८ आहे. खात्यातली शिल्लक विचारायला तो ठीक, फसवणुकीची तक्रार तेवढ्यावर सोडून देऊ नये.

तुमचा अर्ज पोहोचल्यानंतर काय होतं ते माहीत असलेलं बरं. एखाद्या सकाळी अधिकारी येतात, आधी रोकड आणि तिकिटं मोजतात, मग पुस्तकं आणि शिक्का ताब्यात घेतात. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर पोस्टमास्तरला 'पुट ऑफ ड्युटी' केलं जातं, म्हणजे चौकशीपुरतं कामावरून दूर ठेवलं जातं. पासबुकं गोळा करून प्रणालीतल्या खात्याशी एकेक ताडून पाहिली जातात. या टप्प्यावर पोस्टमास्तर कमी पडलेली रक्कम भरायला धावतात, ती 'यूसीआर'मध्ये, म्हणजे अवर्गीकृत जमेत, जमा होते, आणि गावात कुजबुज सुरू होते की आता मिटलं. मिटत नसतं. पैसे भरल्याने नुकसान कमी होतं, तात्पुरती का होईना अफरातफर झालेली असतेच आणि कारवाई चालू राहते. घरी येऊन रोख देऊन 'माझी काही तक्रार नाही' असं लिहून घेण्याचाही प्रयत्न होईल. खातेदाराने पैसे खात्यात जमा करून घ्यावेत, कागदावर सही करू नये.

तुमचा जबाब घेतला जाईल. तो मराठीत, स्वतःच्या हाताने लिहा, कोऱ्या किंवा अर्धवट कागदावर सही नको, आणि प्रत मागा. वहीतल्या नोंदींपलीकडे अंदाज सांगू नका. आणि आता एक खड्डा, ज्यात चांगली माणसं पडतात: पोस्टमास्तर बाजूला झाले की 'तूच काही दिवस सांभाळ' असं तुम्हाला सांगितलं जाईल. नाही म्हणता येणार नाही कदाचित, पण चार्ज रिपोर्टशिवाय घेऊ नका. रोकड पै-पैशाने मोजलेली, तिकिटांची यादी, किती पासबुकं ताब्यात आली त्यांचे खाते क्रमांक, यंत्र आणि शिक्का, सगळं लिहून अधिकाऱ्याच्या सहीने. नाहीतर जुनी तूट तुमच्या पहिल्या दिवसाच्या हिशेबात येऊन बसते.

विम्याचं आरडीपेक्षा निकडीचं आहे. तीन वर्षं पूर्ण न झालेल्या पॉलिसीचे सलग ६ हप्ते, आणि त्याहून जुन्या पॉलिसीचे १२ हप्ते थकले की पॉलिसी बंद पडते, आणि ती पुन्हा चालू करायला तब्येतीचा दाखला लागतो. विमेदार आजारी असेल तर? आरडीत गेलेले पैसे दाव्याने परत मिळू शकतात, पण मधल्या काळात माणूस गेला तर त्याच्या घरच्यांना आधी हप्ते भरले होते हे सिद्ध करत बसावं लागतं. म्हणून तुमच्या तक्त्यात विम्याचे व्यवहार वर ठेवा.

एक वेगळा धागा: लाडकी बहीण, निराधार, श्रावणबाळ यांचे पैसे बऱ्याच जणांचे इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेत येतात आणि अंगठ्यावर काढले जातात. 'अंगठा नीट लागला नाही, परत ठेवा' म्हणत दोनदा पैसे काढून एकदाच देण्याचा प्रकार होत असेल, तर ती तक्रार निराळी. ती बँक रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. पोस्टाच्या बचत, आरडी, सुकन्या खात्यांना मात्र हा लोकपाल लागू नाही. ही दोन्ही एकाच टेबलावर चालतात म्हणून लोक गल्लत करतात, आणि तक्रार 'आमच्या कक्षेत नाही' म्हणून परत येते.

पोलिसांत जायचं का? खात्याच्या चौकशीत अफरातफर सिद्ध होत आली की विभाग स्वतः फिर्याद देतो, आणि ती खातेदाराच्या फिर्यादीपेक्षा वजनदार असते कारण मूळ कागद विभागाकडे असतात. पोस्टमास्तर गाव सोडून जाण्याच्या बेतात असेल तर खातेदारांनी थांबू नये. लोकसेवकाने केलेला विश्वासघात हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(५) खाली येतो, फसवणूक ३१८(४) खाली. जुलै २०२४च्या आधीच्या व्यवहारांना भारतीय दंड संहितेची ४०९ आणि ४२० ही कलमं लागतील. विभाग दावा लटकवून ठेवू लागला तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही.

गावाला आत्ताच सांगू का, या प्रश्नाला आमचं उत्तर नाही असं आहे. व्हॉट्सॲपवर टाकलंत तर दुपारपर्यंत पन्नास माणसं ऑफिससमोर उभी राहतील, संध्याकाळपर्यंत पासबुकं कुठेतरी जळालेली असतील, आणि खात्याची बाब बाहेर नेल्याबद्दल नोटीस तुम्हाला येईल. तोवर काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला एक वाक्य बोलायला मात्र तुम्हाला कोणी अडवू शकत नाही, कारण तो नियमच आहे: 'पासबुक घरी घेऊन जा, आणि ऑफिसात ठेवायचंच असेल तर त्याची पावती घ्या.' पडताळणीचं पथक आलं की मग दवंडी पिटा. ज्यांच्या पासबुकात नोंद नाही, ज्यांनी मुलाच्या हाती पैसे पाठवले, ज्यांनी नुसत्या चिठ्ठीवर भरले, त्या सगळ्यांनी पथक गावात असतानाच आपला जबाब नोंदवून घ्यावा. नंतर विभागीय कार्यालयात खेटे घालत दिलेल्या जबाबाला तेवढी किंमत राहत नाही.